बरं न होणारं दुखणं आणि बाईचा वेळ

(पुण्यात स्त्री-कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. शब्दांकन करताना बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजच्या बोलण्यासाठी मला विषय दिला गेला तो ‘असाध्य आजार आणि कला’. माझ्याबरोबर वस्तीत काम करणाऱ्या एका मैत्रिणीनं ते पत्र वाचलं आणि ती म्हणाली, “काय गं, ज्यांच्याकडे केसपेपर काढायला पैसे नसतात, त्यांच्यापुढे तू आता रंगपेट्या ठेवणार?” तिचा प्रश्न बोचणारा होता, पण खोटा नव्हता. आपल्या चळवळीत कला म्हणजे पथनाट्य, गाणी, पोस्टर्स. ती प्रचारासाठी. अंथरुणाला खिळलेल्या बाईनं चित्र काढावं किंवा शिवत बसावं, यात हक्काचा प्रश्न कुठे येतो? मला वाटतं येतो. तो कुठे येतो ते सांगण्यासाठी आधी आपल्या पुण्यातलीच एक गोष्ट सांगते.

पार्किन्सन्स हा आजार तुम्हाला ऐकून माहीत असेल. आपल्याकडे त्याला कंपवात म्हणतात. जेम्स पार्किन्सन नावाच्या लंडनच्या डॉक्टरनं १८१७ मध्ये त्याचं वर्णन लिहिलं. मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत जातात. औषधांनी लक्षणं आटोक्यात राहतात, पण आजार मुळापासून जात नाही. हात थरथरतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. अक्षर बारीक होत जातं, आवाज खोल जातो, हे त्या घरातल्यांनाच कळतं. आणि चेहऱ्यावरचे स्नायू आखडतात, त्यामुळे चेहरा मुखवट्यासारखा होतो. एका काकूंनी मला सांगितलं होतं, “चाळीस वर्षं संसार केला, आणि आता हे माझ्याकडे बघतात ते भिंतीकडे बघितल्यासारखं. मला आधी वाटायचं, माझं काही चुकलं का?” आजार नवऱ्याला, आणि चूक शोधायची आपल्यात. ही सवय किती जुनी आहे बघा! आणि हाच आजार सासूला झाला की घरात म्हणतात, सुनेच्या हातचं आवडलं नाही म्हणून तोंड पाडून बसल्यात.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांनी चालवलेलं. साधारण २०१० पासून हृषीकेश पवार या नर्तकानं या मंडळातल्या लोकांसाठी नृत्याचा वर्ग घेतला. हृषीकेश पवार कथक शिकलेले, पुढे जर्मनीत जाऊन समकालीन नृत्याचं शिक्षण घेतलेले. ज्यांना खुर्चीतून उठायला आधार लागतो, अशा साठी-सत्तरीच्या लोकांना नाच शिकवायचा, हे ऐकून पहिल्यांदा हसूच येतं. पण त्यामागचं कारण साधं आहे. आपण चालतो ते पावलांचा विचार न करता. या आजारात मेंदूची ही आपोआप चालवणारी व्यवस्थाच दुबळी होते, म्हणून माणूस उंबऱ्यापाशी, दारात, लिफ्टसमोर थबकतो. पाय जमिनीला चिकटल्यासारखा होतो. अशा वेळी बाहेरून ताल मिळाला, कुणी एक-दोन-तीन म्हटलं, फरशीवर आडवी पट्टी दिसली, तर तेच पाऊल दुसऱ्या वाटेनं उचललं जातं. ताल हा तर नाचाचा पायाच. आणि कथक म्हटलं की अभिनय आला, म्हणजे तो आखडलेला चेहराही कामाला लागतो.

असा वर्ग अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात २००१ मध्ये सुरू झाला होता. मार्क मॉरिस यांची नृत्यसंस्था आणि तिथला पार्किन्सन्सच्या रुग्णांचा गट यांनी मिळून. त्यांनी एक गोष्ट पहिल्यापासून धरून ठेवली: हा नाचाचा वर्ग आहे, उपचाराचा नाही. शिकवणारे नर्तक असतात आणि येणारे विद्यार्थी असतात. नवरा-बायको, मुलगी, सांभाळणारी बाई, जे कोणी बरोबर येतील ते कोपऱ्यात पिशवी धरून बसत नाहीत, तेही नाचतात. मला या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. पाय किती उचलला गेला हे डॉक्टरांनी मोजावं. मी समाजकार्यातली बाई. मला दिसतं ते असं, की दिवसाचे तेवीस तास जो माणूस ‘पेशंट’ असतो आणि जी बाई ‘पेशंटची बायको’ असते, ती दोघं एक तास दुसरं काहीतरी असतात.

आपल्याकडे पुण्यातल्या या मदतगटांमध्ये दोन छान शब्द रूढ झाले आहेत. रुग्णाला म्हणायचं शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. शब्द मला आवडतात, पण एक गंमत बघा. शुभंकर हा शब्द पुल्लिंगी, आणि काम बहुतेक घरांत बाईचं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे चित्रपट तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिले असतील. सुमित्राताई मुळात समाजकार्यातल्या. कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी शिकवलं होतं आणि त्यांचा पहिला लघुपट ‘बाई’ (१९८५) हा वस्तीतल्या बाईवरचाच. २०२१ मध्ये त्या गेल्या. त्यांचा ‘देवराई’ (२००४) स्किझोफ्रेनियावरचा आणि ‘अस्तु’ (२०१३) स्मृतिभ्रंशावरचा. दोन्हींत आजारी आहे तो पुरुष, आणि सांभाळणाऱ्या कोण? एकीकडे बहीण, दुसरीकडे मुलगी. ‘अस्तु’मध्ये तर रस्ता चुकलेल्या प्राध्यापकाला भरवणारी एक हत्तीवाल्याची बायको, जिचं स्वतःचंच पोट हातावर आहे. पडद्यावरचं हे चित्र अगदी खरं आहे. मग माझा पुढचा प्रश्न असा, की बाईच शुभार्थी झाली तर शुभंकर कोण? मी गेली दहा-बारा वर्षं घरोघर जाते. आई, बहीण, मुलगी, जाऊ, शेजारीण, या क्रमानं नावं येतात. नवरा अपवाद. अपवाद आहेत, हेही सांगितलं पाहिजे. बायकोची वेणी घालून मग रिक्षा बाहेर काढणारे एक गृहस्थ मला माहीत आहेत. वेणी वाकडी असायची, पण रोज असायची.

आता वस्तीतल्या एका मावशींबद्दल सांगते. नाव सांगत नाही, वस्तीही सांगत नाही. त्यांचा कॅन्सर पसरलेला होता. मोठ्या दवाखान्यातून ‘आता घरी न्या’ म्हणून पाठवलेलं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या म्हणाल्या, “ताई, आता मी कशाला?” पुस्तकी शिक्षणामुळे मला वाटलं, हा मरणाचा प्रश्न आहे, जगण्याचा अर्थ वगैरे. थोडं बसल्यावर कळलं की त्यांचं म्हणणं अगदी रोकडं होतं. भाकरी थापता येत नाही, पाणी भरता येत नाही, नातवाला शाळेत सोडता येत नाही. मग मी कशाला? बाईला आपण जन्मभर हेच शिकवलेलं असतं. तू आहेस, कारण तू कुणाच्या तरी उपयोगी आहेस. उपयोग संपला की तिच्या असण्याचा आधारच निघून जातो. पुरुषालाही नोकरी सुटल्यावर हे भोगावं लागतं. पण म्हातारा बाप खाटेवर नुसता बसला तरी तो घरातला कर्ता असतो. नुसती बसलेली बाई ओझं असते, आणि हे तिला दुसऱ्या कुणी सांगावंही लागत नाही.

पुढच्या खेपेला मी कागद आणि रंगीत खडू घेऊन गेले. म्हटलं, “मावशी, मनात येईल ते काढा.” त्यांनी ठिपके मांडले आणि रांगोळी काढली. मधलं कमळ काळं होतं. मी ते माझ्या वहीत टिपून ठेवलं आणि पुढच्या आठवड्यात हळूच विचारलं, “मधे काळा रंग का घेतलात? भीती वाटते का?” त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “ताई, लाल खडू तुटला व्हता.”

(हशा)

हसा, मीही हसले. पण रात्री झोप आली नाही. मी तिच्या हातात खडू दिला तो तिला काही करता यावं म्हणून, की मला वाचता यावं म्हणून? तपासण्या, सोनोग्राफी, सगळ्यांनी तिच्या शरीराच्या आत बघून झालं होतं. आता मी मनाच्या आत बघायला निघाले होते, तेही तिला न विचारता. कलेचा उपचार म्हणून वापर करणाऱ्यांनी, म्हणजे आपणच, हे सांभाळलं पाहिजे. ती जे करेल ते तिचं. अर्थ सांगायचा तर ती सांगेल, नाहीतर नाही.

पुढे मावशींनी खडू बाजूला सारले आणि गोधडी शिवायची म्हणाल्या. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या गोधड्या पैसे घेऊन शिवून दिल्या होत्या. स्वतःच्या मनानं, स्वतःच्या कपड्यांची एकही शिवलेली नव्हती. सुनेनं विरोध केला. तिचंही बरोबर होतं: “लोक म्हणतील, मरायला टेकलेल्या सासूला कामाला लावलंय.” पण खरी अडचण दुसरीच होती. दुखण्यामुळे सुईच धरता येत नव्हती.

इथे थांबून एक गोष्ट ठासून सांगायची आहे. माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. वेदनेनं कण्हणारं माणूस चित्र काढत नाही, गात नाही, त्याला जीवनाचा अर्थबिर्थ काही सुचत नाही. आधी दुखणं थांबलं पाहिजे. कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे जुनं, स्वस्त आणि परिणामकारक औषध आहे. तोंडानं घ्यायच्या गोळ्या मिळतात. पण १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आला आणि परवान्यांच्या जंजाळामुळे दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वाट सोपी झाली. तरीही कितीतरी घरांत बाई साध्या तापाच्या गोळीवर रात्र काढते. शिवाय बाईनं सोसायचं असतं हा संस्कार आहेच. “बाळंतपणं काढलीत, हे काय” असं मी एका डॉक्टरीणबाईंच्या तोंडून ऐकलं आहे. वारज्याला सिप्लाचं उपशामक उपचार केंद्र १९९७ पासून आहे, तिथं उपचारांचे पैसे पडत नाहीत. पुण्यात राहून पुष्कळांना हे माहीत नसतं. मावशींच्या घरी तर नव्हतंच. वेळेवर गोळ्या सुरू झाल्या आणि आठवडाभरात त्यांनी सुई मागितली.

या उपशामक उपचारांची आधुनिक सुरुवात करणारी बाई, सिसिली साँडर्स, आधी परिचारिका होती, मग रुग्णालयात आमच्यासारखी समाजसेविका, आणि नंतर डॉक्टर झाली. १९६७ मध्ये तिनं लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स सुरू केलं. तिचं म्हणणं होतं की वेदना एकट्या शरीराची नसते. मनाची, नात्यांची, पैशांची, श्रद्धेची, सगळी मिळून वेदना असते. मला हे नीट कळलं ते मावशींच्या खाटेशी. मॉर्फिननं शरीर शांत झालं, पण “मी कशाला?” हा प्रश्न तिथंच होता. त्याला गोळी नव्हती. तिथे ती गोधडी लागली.

गोधडीत काय काय आलं ते मी पाहत होते. आईचं इरकली लुगडं. कामावरच्या कोटाचा खिसा. लेकीच्या शाळेचा निळा स्कर्ट. लग्नातलं पातळ, तेही अस्तराला, म्हणजे खालच्या बाजूला. नवऱ्याच्या कपड्याचा एक तुकडा नाही. खाटेखालच्या गाठोड्यात त्याचे दोन चांगले सुती शर्ट होते, ते तसेच राहिले. या वेळी मी काही विचारलं नाही. वहीतही लिहिलं नाही. दीड-दोन महिन्यांनी, टाके घालता घालता, त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली. तेव्हा समोर सून बसली होती, मी बसले होते आणि शेजारच्या दोघी. काय सांगितलं ते त्या चौघींपाशी राहू द्या. एवढंच सांगते, की पस्तीस वर्षांत ते कुणी ऐकलं नव्हतं.

गोधडीवरून मला नेहमी एड्सची गोधडी आठवते. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या मोठ्या मैदानावर एक भलीमोठी गोधडी अंथरली गेली. १,९२० तुकडे, प्रत्येक तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे साधारण एका थडग्याएवढा. प्रत्येकावर एड्सनं गेलेल्या एका माणसाचं नाव. सरकार या आजाराबद्दल बोलायला तयार नव्हतं, तेव्हा मित्रांनी, आयांनी, प्रेयसी-प्रियकरांनी शिवून ते बोललं. ज्यांना बायकी काम म्हणून आपण खाली ठेवतो, ते सुई-दोरा घेऊन लोक राजधानीत गेले.

त्या काळात आपल्याकडे काय होतं? १९९७ मध्ये पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीरविक्रय न करणाऱ्या ज्या बायका तिथं आल्या, त्यांच्यातल्या १३.६ टक्के एचआयव्हीबाधित होत्या. बहुतेकींनी नवऱ्याखेरीज दुसरा पुरुष पाहिलेला नव्हता. आणि नवरा गेल्यावर सासरी ऐकायचं काय, तर हिनं त्याला खाल्लं. विषाणू रोखून धरणारी औषधं सरकारी दवाखान्यांत मोफत मिळू लागली ती एप्रिल २००४ पासून. त्याआधी ज्या गेल्या त्यांची गोधडी आपण शिवली नाही. मला हे लागून राहिलं आहे.

दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनजवळ खायेलित्शा ही गरीब वस्ती आहे. २००२ मध्ये तिथल्या एचआयव्हीबाधित बायकांनी आपल्या शरीराचे नकाशे काढले. मोठ्या कागदावर एकीनं आडवं व्हायचं, दुसरीनं तिची कड आखायची, आणि मग जिचं शरीर तिनं ते भरायचं. बाळंतपणाचा व्रण, मारहाणीची खूण, विषाणू, औषधाची गोळी, जे हवं ते. त्यांचं पुढे पुस्तक झालं. पण तिथं एक गोष्ट होती: त्या बायकांना औषधं मिळत होती, आणि सगळ्यांना ती मिळावीत म्हणून त्यांचा देश सरकारशी भांडत होता. ते नकाशे नुसती समजूत घालण्यासाठी नव्हते. ‘हे शरीर माझं आहे, आणि ते जगणार आहे’ असं त्यांत मांडलेलं होतं. रंगपेटी की केसपेपर, असा प्रश्न त्यांच्यापुढे आलाच नाही. माझ्या मैत्रिणीला मी हेच उत्तर दिलं. तिचं पूर्ण समाधान झालं नाही. ती म्हणाली, “आधी केसपेपर.” मी म्हटलं, बरोबर, पण केसपेपर काढून झाल्यावर तू उठून जाऊ नकोस.

आता करायचं काय? माझ्यापाशी मोठी योजना नाही. आमच्याकडे आठवड्यातून एक दुपार आम्ही बसतो. त्या दोन-तीन तासांत काही गोष्टी पाळतो. सांभाळणारीला बोलवायचं तर तिच्या घरी तेवढा वेळ बसायला दुसरं माणूस गेलं पाहिजे, नाहीतर ती येऊच शकत नाही. सगळं अडतं ते तिथे. दुसरं, कुणाचीही वस्तू तिला विचारल्याशिवाय प्रदर्शनात लावायची नाही, फोटो काढायचा नाही, विकायची तर मुळीच नाही. देणगीदार आले की आपल्याला मोह होतो, मला झालेला आहे. तिसरं, जिला काही करायचं नाही तिला करू नये असं वाटू द्यायचं. एक आजी नुसत्या सुईत दोरा ओवून द्यायला येतात, तेही त्यांना दिसत नाही म्हणून दुसरीकडून ओवून घेतात. चालतं.

मावशी गेल्या तेव्हा गोधडी एका कोपऱ्यात अर्धवट होती. आपल्याकडे माणूस गेलं की त्याचं अंथरूण-पांघरूण टाकून देतात, त्यातून हे तर दुखणाईताचं. दहाव्याला आलेल्या नातेवाइकांनी सगळं गाठोडं नदीवर न्यायला काढलं. गोधडी त्यात नव्हती. ज्या सुनेनं ‘लोक काय म्हणतील’ म्हटलं होतं, तिनंच ती आदल्या रात्री काढून गव्हाच्या कोठीत दडवून ठेवली होती. उरलेला कोपरा आता ती आमच्यात येऊन शिवते. तिचे टाके सासूपेक्षा मोठे आहेत, लगेच ओळखू येतात.

तुमच्याकडे जुनी सुती लुगडी, धोतरं, मऊ झालेली पातळं असतील तर आणून द्या. टेरिकॉट नको, सुई जात नाही. आणि ज्यांना दुपारी दोन तास कुणाच्या घरी पेशंटजवळ बसता येईल, त्यांनी जाताना माझ्याकडे नाव लिहून द्या. लुगड्यांपेक्षा त्याची आम्हाला जास्त गरज आहे.